बांबूउडी : धावेपासून उंचीपर्यंत

प्रस्तावना

मराठीत ज्या क्रीडाप्रकाराला ‘बांबूउडी’ म्हणतात, त्यात आता बांबू राहिलेला नाही. नाव मात्र टिकून आहे आणि त्या नावात या खेळाच्या इतिहासाचा एक मोठा कालखंड जपला गेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत जगातील बहुतेक मोठ्या उड्या खरोखरच बांबूच्या आधारे मारल्या गेल्या, त्यानंतर पोलादाच्या व अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, आणि 1960 नंतर काचतंतूंपासून, म्हणजे फायबरग्लासपासून, बनविलेल्या लवचीक पोलने त्या दोन्हींची जागा घेतली. साधन असे दोनदा पालटले आणि दर वेळी तंत्रही पालटले. म्हणूनच बांबूउडीच्या तंत्रात सुधारणा कशी करावी, या प्रश्नाचा विचार साधनाचा इतिहास, उडीमागील भौतिक नियम आणि प्रत्यक्ष सरावाची पद्धत या तिन्ही अंगांनी करणे भाग पडते.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे आहे. खेळाडू किमान 40 मीटर लांबीच्या धावपट्टीवरून पोल हातात घेऊन वेगाने धावतो, धावपट्टीच्या शेवटी जमिनीत बसविलेल्या उतरत्या खोबणीत, जिला मैदानावर ‘बॉक्स’ म्हणतात, पोलचे पुढचे टोक टेकवतो, एका पायावर उसळी घेऊन पोलला लटकतो, झोका घेत उलटा होतो आणि दोन खांबांवर ठेवलेल्या आडव्या बारवरून पाय पुढे काढून पलीकडील गादीवर पाठीवर उतरतो. बॉक्स 1 मीटर लांबीचा असून तो पुढे 60 सेंटिमीटर रुंद असतो, मागील फळीपाशी 15 सेंटिमीटरपर्यंत निमुळता होतो आणि तेथे त्याची खोली 20 सेंटिमीटर असते. पोल कोणत्याही पदार्थाचा, लांबीचा आणि जाडीचा असला तरी नियमांना चालते. जमीन सोडल्यानंतर मात्र खालचा हात वरच्या हाताच्या वर नेता येत नाही आणि वरचा हातही आणखी वर सरकवता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काही खेळाडू उभ्या पोलवर हातांनी चढत जाऊन उंची गाठत असत. त्या पद्धतीला पायबंद घालणारा हा नियम आहे.

बांबूउडी पाहणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे दोन गोष्टींवर खिळते : धनुष्यासारखा वाकलेला पोल आणि बारवर उलटे झालेले शरीर. नवशिका खेळाडूही याच दोन गोष्टींच्या मागे लागतो आणि ‘पोल वाकत नाही’ किंवा ‘वर गेल्यावर उलटे होता येत नाही’ अशी तक्रार घेऊन प्रशिक्षकाकडे येतो. प्रस्तुत विवेचनाची मुख्य भूमिका अशी आहे की, हवेत दिसणाऱ्या बहुतेक दोषांचे मूळ जमिनीवर, धावेच्या अखेरच्या काही पावलांत असते. पोलचा बाक हा चांगल्या टेक-ऑफचा परिणाम आहे, तो मिळविण्यासाठी वेगळा खटाटोप करणे हेच पुष्कळदा बिघाडाचे कारण ठरते. टेक-ऑफ म्हणजे शेवटच्या पावलाने जमीन सोडण्याची क्रिया, आणि या संपूर्ण प्रस्तावनेत तिच्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागणार आहे.

काठीच्या आधाराने अडथळा ओलांडणे ही मुळात गरजेची कला होती. नेदरलँड्समधील फ्रीसलंड प्रांतात काठीने कालवे ओलांडण्याचा खेळ आजही खेळला जातो, परंतु त्यात उंचीला नव्हे, अंतराला महत्त्व असते. जर्मन व्यायामशिक्षक गुट्समूथ्स यांनी 1793 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात काठीच्या उडीला शालेय व्यायामात स्थान दिले आणि पुढे एकोणिसाव्या शतकात उंचीची स्पर्धा म्हणून हा प्रकार रूढ झाला. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विल्यम हॉइट यांनी 3.30 मीटर उडीवर सुवर्णपदक मिळविले, तर आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेला पहिला जागतिक विक्रम 1912 मधील मार्क राइट यांचा, 4.02 मीटरचा आहे. स्त्रियांसाठी हा प्रकार ऑलिंपिकमध्ये येण्यास 2000 साल उजाडावे लागले. त्या वर्षी सिडनी येथे अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिला 4.60 मीटर उडी मारून पहिल्या विजेत्या ठरल्या.

ताठ पोलच्या युगाचा कळस म्हणजे अमेरिकेचे कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. बांबूच्या पोलने 15 फुटांची, म्हणजे सुमारे 4.57 मीटरची, मर्यादा त्यांनी 1940 मध्ये सर्वप्रथम ओलांडली आणि 1942 मध्ये 4.77 मीटरपर्यंत मजल मारली. हा विक्रम 1957 पर्यंत टिकला. 1960 मध्ये डॉन ब्रॅग यांनी धातूच्या पोलने 4.80 मीटर उडी मारली, याचा अर्थ अठरा वर्षांत जगाची प्रगती अवघ्या 3 सेंटिमीटरची झाली. त्यानंतर फायबरग्लासचा पोल प्रचारात आला आणि 1963 मध्ये ब्रायन स्टर्नबर्ग यांनी 5.00 मीटर, तर 1964 मध्ये फ्रेड हॅन्सन यांनी 5.28 मीटर उंची पार केली. अठरा वर्षांत तीन सेंटिमीटरने सरकलेला विक्रम पुढील चार वर्षांत 48 सेंटिमीटरने उंचावला. या एका तुलनेवरून साधनाचे महत्त्व निर्विवादपणे सिद्ध होते, परंतु तिच्यावरून काढला जाणारा नेहमीचा निष्कर्ष, म्हणजे लवचीक पोल खेळाडूला गोफणीतील दगडासारखा वर फेकतो, हा मात्र खरा नाही.

त्याचे कारण समजण्यासाठी शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे. धावणाऱ्या शरीरात वेगामुळे गतिज ऊर्जा असते आणि उंचावलेल्या शरीरात स्थितिज ऊर्जा असते. बांबूउडी म्हणजे पहिलीचे दुसरीत रूपांतर. हे रूपांतर काहीही न गमावता झाले असे धरले, तर वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागून शरीराचा गुरुत्वमध्य किती उंच जाईल ते काढता येते : सेकंदाला 8 मीटर वेगाने सुमारे 3.26 मीटर, 9 मीटर वेगाने 4.13 मीटर आणि 10 मीटर वेगाने 5.10 मीटर. जमीन सोडताना गुरुत्वमध्य मुळातच मीटरभराहून थोडा अधिक उंचीवर असतो, ती उंची यात मिळवायची. पोल टेकताना बसणाऱ्या धक्क्यात जी ऊर्जा वाया जाते ती वजा करायची. आणि हात, खांदे व पोट यांच्या स्नायूंनी हवेत केलेले काम पुन्हा जमा धरायचे. पोल स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. वाकताना घेतलेली ऊर्जा तो सरळ होताना परत देतो, आणि तीही काही अंशी कमीच. सेकंदाला 9 मीटरच्या आसपास धावणाऱ्या खेळाडूने वेग केवळ दशांश मीटरने वाढविला, तर या हिशेबाने सुमारे 9 सेंटिमीटर उंची हाती लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे धावण्याच्या सरावाकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडते ते कळते.

मग लवचीक पोलने साधले ते काय? उडीत दोन लंबक एकाच वेळी फिरत असतात. पोल बॉक्समधील टोकाभोवती फिरून उभा होतो आणि खेळाडूचे शरीर पोलवरील हातांभोवती झोका घेते. पोल उभा झाला नाही, तर खेळाडू बारपर्यंत पोहोचतच नाही. आणि पकड जितकी उंच, तितका पोल उभा करणे अवघड. ताठ पोलच्या काळात पकड साधारण 4 मीटरच्या आसपास अडकून राहिली ती याच कारणाने. लवचीक पोल वाकला की हात आणि बॉक्स यांमधील सरळ अंतर तात्पुरते कमी होते, म्हणजेच उंच पकड असूनही पोल आखूड असल्यासारखा सहज फिरतो, आणि उभा होता होता पुन्हा पूर्ण लांबीला येतो. शिवाय टेकण्याचा धक्का बाकामुळे सौम्य झाल्याने वेगाची नासाडीही कमी होते. जागतिक दर्जाचे पुरुष खेळाडू आता 5 मीटरपेक्षा वर पकड घेतात. बॉक्सची 20 सेंटिमीटर खोली वजा केली, तर 5.10 मीटरवरील हात जमिनीपासून 4.90 मीटरवर येतो. युक्रेनचे सर्गेई बुबका यांनी 1994 मध्ये इटलीतील सेस्त्रिएरे येथे पार केलेल्या 6.14 मीटर उंचीशी हा आकडा ताडून पाहिल्यास, पकडीच्याही वर मीटरभराहून जास्त उंची गाठावी लागते हे स्पष्ट होते.

या सिद्धान्तातून तंत्रसुधारणेची दोन सूत्रे निघतात. वेग वाढवून तो टेक-ऑफपर्यंत टिकविणे हे पहिले, आणि त्या वेगाच्या बळावर जास्तीत जास्त उंच पकड व जास्तीत जास्त कडक पोल उभा करता येणे हे दुसरे. बुबका यांचे प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांनी याच दोन सूत्रांभोवती आपली शिक्षणपद्धती उभारली. तिच्या जोरावर बुबका यांनी 1985 मध्ये पॅरिस येथे जगात प्रथमच 6 मीटरची उंची ओलांडली, मैदानावर व बंदिस्त सभागृहात मिळून पस्तीस वेळा जागतिक विक्रम केला आणि 1983 ते 1997 या काळात सलग सहा जागतिक अजिंक्यपदे मिळविली.

धावेचा विचार करताना पहिली अडचण येते ती पोल वाहण्याची. पोलचे वजन फार नसते, परंतु तो एका टोकाला धरलेला असल्यामुळे त्याचे पुढचे टोक खाली ओढते आणि खांदे मागे झुकतात. म्हणून धाव सुरू होताना पोल जवळजवळ उभा धरतात, जेणेकरून त्याचा भार हातांवर सरळ खाली येतो, आणि वेग वाढत जाईल तसे टोक हळूहळू, एकसारख्या गतीने खाली सोडतात. टोक योग्य वेळी खाली येऊ लागले, तर पोल खेळाडूला पुढे नेतो; ते फार लवकर आडवे झाले, तर शेवटची पावले जड होतात आणि खेळाडू वेग राखण्याऐवजी तोल राखू लागतो. निष्णात खेळाडूंची धाव सोळा ते वीस पावलांची, कधी त्याहून लांब असते. नवशिक्याने चार, सहा, आठ अशी टप्प्याटप्प्याने वाढवीत न्यावी, कारण जो वेग पोल टेकवताना हाताळता येत नाही त्याचा उपयोग उंचीसाठी होत नाही.

धाव अचूक होण्यासाठी दोन खुणा लागतात : एक सुरुवातीची आणि दुसरी टेक-ऑफच्या सहा पावले आधीची, जिला ‘मध्यखूण’ म्हणता येईल. दुसरी खूण खेळाडूने पाहायची नसते. ती प्रशिक्षकासाठी असते. खेळाडूचा पाय शेवटी योग्य जागी पडला, पण मध्यखुणेवर तो फार मागे होता, तर त्याने अखेरची पावले ताणून लांबविली. मध्यखुणेच्या पुढे असूनही टेक-ऑफ जागेवर आला, तर पावले आखूड केली. दोन्ही प्रसंगी बाहेरून सारे ठीक दिसते आणि वेग मात्र हरवलेला असतो. केवळ शेवटच्या पावलाकडे पाहून सुरुवातीची खूण पुढेमागे सरकविणारा प्रशिक्षक दोषावर उपाय करीत नाही, त्याला झाकतो.

पोल रोवण्याची, म्हणजे बॉक्समध्ये टेकवण्याची, क्रिया शेवटच्या तीन पावलांत घडते. येथे उजव्या हाताच्या खेळाडूचे उदाहरण घेतले आहे. त्याचा उजवा हात वर, डावा हात खाली सुमारे खांद्यांइतक्या किंवा थोड्या जास्त अंतरावर, आणि टेक-ऑफचा पाय डावा असतो. शेवटून तिसऱ्या पावलाला उजवा हात कमरेपासून वर निघतो, पुढच्या पावलाला तो खांद्यापर्यंत व कानाजवळून वर जातो, आणि अखेरचे डावे पाऊल पडताना दोन्ही हात डोक्यावर, उजवा पूर्ण सरळ ताणलेला असतो. ही हालचाल शरीराजवळून व्हावी लागते. हात बाजूने वळसा घालून वर आला, तर पोल तिरका होतो आणि खेळाडू गादीच्या कडेकडे भिरकावला जातो. शेवटचे पाऊल त्याआधीच्या पावलापेक्षा किंचित आखूड व झटपट पडते, त्यामुळे शरीर उसळी घेण्यास उभे राहते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या क्रियेच्या उशिरामुळे होतात, आणि उशीर सुधारायचा तर तो हातांत शोधण्यापूर्वी धावेत शोधावा लागतो. ज्याची पावले विस्कळीत आहेत त्याचा हात वेळेवर वर जाणे कठीणच असते.

टेक-ऑफच्या क्षणी वरचा हात आणि टेक-ऑफचे पाऊल यांचा परस्परसंबंध हा संपूर्ण उडीचा कणा आहे. वरच्या हातातून ओळंबा सोडला, तर तो पायाच्या बोटांवर किंवा किंचित पुढे पडला पाहिजे. पाऊल ओळंब्याच्या पुढे, म्हणजे बॉक्सच्या बाजूला पडले, तर खेळाडू ‘आत’ गेला असे म्हणतात. अशा वेळी पोल पायाच्या आधी अडतो, हात मागे खेचला जातो, पाठीला बाक येतो आणि धावेत मिळविलेला वेग खांद्यांवर व कमरेवर आदळून संपतो. पोल यातही वाकतो, कधी जास्तच वाकतो, आणि इथेच प्रेक्षकाची व नवशिक्याची फसगत होते. कारण हा बाक पोल उभा करण्यासाठी उपयोगी पडत नाही. पेत्रोव्ह यांच्या पद्धतीत याच्या उलट टोकाचा आदर्श सांगितला आहे : पोलचे टोक बॉक्सच्या मागील फळीला भिडण्याच्या निमिषभर आधी खेळाडूने जमीन सोडलेली असावी. याला ‘मुक्त टेक-ऑफ’ म्हणता येईल. त्यात उसळी पूर्ण होते, शरीर वरच्या दिशेने निघालेले असते आणि मग पोलवर भार येतो. प्रत्येक उडीत हे साधते असे नाही, तरी सरावाचे लक्ष्य म्हणून त्याचे मोल मोठे आहे. खालचा हात ताठ करून पोल जबरीने वाकविण्याची सवय मात्र टाळावी; तिच्यामुळे छाती पुढे येत नाही आणि झोका सुरू होण्यापूर्वीच अडतो.

जमीन सुटल्यानंतरचा काळ सेकंद-दीड सेकंदाचा असतो, त्यामुळे हवेत विचार करून दुरुस्ती करण्यास वाव जवळजवळ नसतो. उजवा गुडघा वर आलेला, डावा पाय मागे लांब व सरळ, छाती पुढे, अशी शरीराची लांब रेषा क्षणभर टिकते आणि मग डावा पाय जमिनीजवळून मोठ्या कमानीत पुढे येतो. हाच झोका. पाय सरळ असल्याने लंबक लांब राहतो, गुरुत्वमध्य खाली राहतो आणि पोलला उभे होण्यास अवधी मिळतो. गुडघे लवकर पोटाशी घेणारा खेळाडू झटकन उलटा होतो, पण त्याचा पोल वाटेतच थांबतो. घाई करून उलटे झाल्याची ही किंमत असते. झोका नीट झाला, तर खांदे मागे झुकतात, नितंब हातांच्या वर जातात आणि पोल सरळ होऊ लागताना शरीर त्याला समांतर, पाय आकाशाकडे, असे उभे राहते. त्यानंतर ओढ, अर्धी गिरकी आणि हातांनी दिलेला अखेरचा रेटा या क्रिया एकामागून एक येतात आणि खेळाडू पोट बारकडे करून कमानीने पलीकडे जातो. कमान चांगली असेल, तर शरीराचा प्रत्येक भाग बारवरून जात असताना गुरुत्वमध्य बारच्या किंचित खालूनही जाऊ शकतो.

उलटे होण्याची ही क्षमता मैदानापेक्षा व्यायामशाळेत अधिक लवकर येते. आडव्या दांड्यावरील झोके, हातांवर उभे राहणे आणि लोंबत्या दोरावर पाय वर नेणे हे जगभरातील बांबूउडीच्या शिक्षणाचे नेहमीचे व्यायाम आहेत. मराठी वाचकाला यांतील शेवटचा व्यायाम परका वाटणार नाही. दोरीच्या मल्लखांबावर हातांच्या पकडीतून शरीर उलटे करताना पोट, खांदे व बोटे यांची जी ताकद आणि उलट्या स्थितीत दिशा ओळखण्याची जी सवय लागते, ती या उडीसाठी थेट उपयोगी पडणारी आहे. महाराष्ट्रात मल्लखांबाचे शिक्षण लहान वयापासून मिळू शकते, ही येथील प्रशिक्षकांच्या हाती असलेली मोठी जमेची बाजू आहे. मात्र मल्लखांबपटूला वेगवान धावपटू करण्याचे काम त्यापुढेही उरतेच. रशियाच्या येलेना इसिनबायेवा किशोरवयात जिम्नॅस्टिक्सकडून या प्रकाराकडे आल्या आणि 2005 मध्ये लंडन येथे 5 मीटर पार करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

त्यांच्या कारकिर्दीचा पुढील भाग तंत्रसुधारणेच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे. ऑगस्ट 2005 मध्ये 5.01 मीटरचा जागतिक विक्रम नावावर असताना, त्याच वर्षाच्या अखेरीस, त्या पेत्रोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली गेल्या. त्यानंतर मैदानावरील पुढचा विक्रम, 5.03 मीटरचा, त्यांनी जुलै 2008 मध्ये रोम येथे केला आणि ऑगस्ट 2009 मध्ये झुरिच येथे तो 5.06 मीटरवर नेला. जगातील सर्वोत्तम खेळाडूलाही प्रशिक्षक बदलल्यानंतर मैदानावरील विक्रम दोन सेंटिमीटरने पुढे नेण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली, ही गोष्ट एका हंगामात तंत्र ‘बदलून’ घेऊ पाहणाऱ्या खेळाडूने व पालकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एकच आदर्श सर्वांना लागू करता येतो का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. फ्रान्सचे रेनो लाव्हिलेनी यांची उंची सुमारे 1.77 मीटर, म्हणजे या प्रकारासाठी कमीच. तरीही 2014 मध्ये, बुबका यांच्याच दोनेत्स्क शहरात, त्यांनी 6.16 मीटर उडी मारून बुबका यांचा एकवीस वर्षे टिकलेला बंदिस्त सभागृहातील 6.15 मीटरचा विक्रम मोडला. स्वीडनचे आर्मांड डुप्लांटिस यांचे वडील स्वतः बांबूउडीपटू. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात घरामागील अंगणात बांधलेल्या धावपट्टीवर त्यांनी बालवयातच सराव सुरू केला, अठराव्या वर्षी 6.05 मीटर पार केले आणि 2020 मधील 6.17 मीटरपासून एकेका सेंटिमीटरने विक्रम उंचावत सप्टेंबर 2025 मध्ये टोकियो येथे 6.30 मीटर गाठले. धावेच्या अखेरीस त्यांचा वेग सेकंदाला 10 मीटरच्या वर असतो. या तिघांची शरीरे आणि शैली भिन्न आहेत, पण वेग टिकवून टेक-ऑफ करणे आणि लांब झोका घेणे या बाबतींत ते एकाच मार्गावरचे आहेत. फरक तपशिलात आहे, तत्त्वात नाही.

पोलची निवड हा तंत्राचाच भाग आहे. प्रत्येक पोलवर त्याची लांबी आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे हे नोंदलेले असते. त्याशिवाय लवचीकतेचा एक आकडा असतो, जो ठरावीक भार टांगल्यावर पोल किती सेंटिमीटर वाकतो ते दाखवितो, म्हणून आकडा मोठा तेवढा पोल मऊ. खेळाडूच्या वजनापेक्षा कमी वजनासाठी बनविलेला पोल वापरणे धोक्याचे असते. उडीनंतर पुढे काय करायचे याचा निर्णय पोल उभा होतो की नाही यावर घ्यावा. पोल उभा होण्यापूर्वीच थांबत असेल, तर पकड 5 सेंटिमीटर खाली घ्यावी किंवा धाव सुधारावी. खेळाडू सहज वर जाऊन गादीत फार खोलवर पडत असेल, तर प्रथम पकड वर न्यावी आणि मग अधिक कडक पोल घ्यावा. बार चढताना लागतो की उतरताना, यावरून खांबांची जागा ठरते. नियमानुसार ते बॉक्सच्या मागील फळीपासून गादीच्या दिशेने 80 सेंटिमीटरपर्यंत मागे नेता येतात आणि नवशिक्यांसाठी ते मागे ठेवणेच सुरक्षित असते.

सुरक्षिततेबाबत तडजोडीला जागा नाही. मोठ्या स्पर्धांसाठी पुढील तुकडे वगळून गादी किमान 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 80 सेंटिमीटर उंच असावी लागते, व बॉक्सच्या कडांभोवती मऊ आवरण बसविले जाते. सर्वांत गंभीर अपघात गादीच्या मध्यावर क्वचित होतात. खेळाडू पोल उभा न होता बॉक्समध्ये परत पडतो किंवा कडेला फेकला जातो, तेव्हा ते होतात. हे दोन्ही प्रसंग आधी वर्णन केलेल्या दोषांतूनच, म्हणजे फार उंच पकड, आत पडलेले पाऊल आणि तिरका पोल यांतून, उद्भवतात. त्यामुळे चांगले तंत्र आणि सुरक्षित उडी या दोन वेगळ्या गोष्टी मानू नयेत.

भारतातील चित्र अलीकडे बदलू लागले आहे. पुरुषांच्या गटात विजयपाल सिंग यांनी 1987 मध्ये नोंदविलेली 5.10 मीटरची उंची सुमारे तीन दशके राष्ट्रीय विक्रम म्हणून कायम राहिली. पुढे शिवा सुब्रमणी यांनी 2022 मध्ये गांधीनगर येथील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 5.31 मीटर, तर मध्य प्रदेशच्या देव मीना यांनी 2025 मध्ये डेहराडून येथे 5.32 आणि कोची येथे 5.35 मीटर उडी मारली. महिलांमध्ये व्ही. एस. सुरेखा यांचा 2014 मधील 4.15 मीटरचा विक्रम गांधीनगरच्याच स्पर्धेत रोझी मीना पॉलराज यांनी 4.20 मीटरने मागे टाकला. शिवा, सुरेखा आणि रोझी हे तिघेही तमिळनाडूचे आहेत, आणि एका राज्यात परंपरा रुजली म्हणजे काय होते याचे हे उत्तम उदाहरण आहे. तरीही देशातील आणि जगातील सर्वोच्च उडीत जवळजवळ एका मीटरचे अंतर उरते. ते केवळ गुणवत्तेच्या अभावाने पडलेले नाही. या प्रकारात खेळाडूला एक पोल पुरत नाही. वेग व पकड वाढेल तशी लांबी आणि कडकपणा यांच्या चढत्या श्रेणीचे अनेक पोल लागतात, ते महाग असतात, चार-पाच मीटर लांबीची ही सामग्री रेल्वेने नेणे हेही एक संकट असते, आणि प्रमाणित गादी मोजक्याच मैदानांवर आढळते. जेथे एकाच पोलवर सर्वांनी शिकायचे असते, तेथे कोणाला तो कडक पडतो, कोणाला मऊ, आणि दोघांचेही तंत्र त्या पोलला जुळवून घेताना वाकडे होते.

असे असले तरी, सुधारणेचा सर्वांत महत्त्वाचा भाग महागड्या साधनांवाचून सुरू करता येतो. चालत चालत पोल टेकवण्याचा सराव, वाळूच्या खड्ड्यात आखूड, ताठ पोलने घेतलेल्या छोट्या उड्या, चार ते सहा पावलांच्या धावेतून टेक-ऑफ, पोल हातात घेऊन वेगाने धावणे आणि दोरावरील उलटणे, हा क्रम कोणत्याही शाळेच्या मैदानावर पाळता येण्याजोगा आहे. ताठ पोलने वाळूत शिकलेला विद्यार्थी उसळी घेण्यास शिकतो, कारण पोल त्याची चूक लपवीत नाही. तो पुढे लवचीक पोलवर आला की बाक आपोआप येतो. याउलट, पहिल्याच महिन्यात पोल वाकविण्याच्या हौसेने मऊ पोल हाती घेतलेला विद्यार्थी काही काळ उंच उडतो आणि मग वर्षानुवर्षे त्याच उंचीवर अडकून राहतो.

म्हणून पुढील विवेचन धावेपासून सुरू होते आणि बार ओलांडण्याच्या क्रियेवर संपते, आणि वाचकाने तो क्रम उलटा करू नये, ही विनंती आहे. प्रशिक्षकाने सरावाच्या पहिल्या आठवड्यात आडवा बार खांबांवरून काढून ठेवावा, टेक-ऑफच्या जागी खडूने रेघ ओढावी आणि प्रत्येक उडीनंतर खेळाडूचे शेवटचे पाऊल वरच्या हाताच्या ओळंब्यापासून किती सेंटिमीटर आत किंवा बाहेर पडले ते वहीत टिपावे. त्या वहीतील आकडे स्थिर होईपर्यंत उंची मोजण्याची घाई करू नये.